सुट्या भागांची गाडी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ वगैरे चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि राहिल्या असतील तर त्या माझ्या! खरं तर इंग्रजी विभागात काहीतरी टेक्निकल देऊन सुटका करून घ्यायचा माझा विचार होता. पण ज्या माणसाबद्दल लिहायचं होतं, त्याच्याबद्दल मी घरी बाबांशी नेहमी मराठीतच बोलते. म्हणून म्हटलं, लिहू या मराठीतच.

त्याचं कारण आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे. बाबांची 1992 सालची आरएक्स 100. मी चौथीत असल्यापासून ती ताडपत्रीखाली आहे. गेल्या मे महिन्यात आईने जाहीर केलं की ती आता भंगारवाल्याला द्यायची. बाबा काहीच बोलले नाहीत, पण संध्याकाळी खाली जाऊन ताडपत्री काढून उभे राहिले. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, ऑटो सायकल आणि डीझेल सायकलचे पीव्ही डायग्राम झोपेत काढू शकेन अशी, आणि मला त्या गाडीचं कार्बोरेटर कुठून सोडवायचं हे माहीत नव्हतं. तेव्हा मला ब्रूस मॅकलॅरेन आठवला.

फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना मॅकलॅरेन म्हणजे सेना, प्रॉस्ट, हॅकिनेन, हॅमिल्टन आणि तो केशरी रंग. पण हे एका माणसाचं आडनाव आहे, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं (मी विचारून बघितलं). तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला आणि त्याची सुरुवात सुट्या भागांच्या स्वरूपात घरी आलेल्या एका जुन्या गाडीपासून झाली होती.

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडील लेस मॅकलॅरेन यांचा रेम्युएरा भागात पेट्रोल पंप आणि गॅरेज होतं आणि कुटुंब त्याच्याच वर राहायचं. लेस स्वतः तरुणपणी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरलेले. म्हणजे पोराच्या नाकात पेट्रोलचा वास पाळण्यापासूनच. पण नऊ वर्षांचा असताना तो लंगडायला लागला. डॉक्टरांनी निदान केलं पर्थेस नावाच्या आजाराचं. यात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाला रक्तपुरवठा कमी पडतो, हाड मऊ होतं आणि शरीराच्या वजनाने ते चेपू शकतं. त्या काळी उपाय एकच होता, हाडावर भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे पाय ताणून बांधून पडून राहायचं. ऑकलंडच्याच टाकापुना भागातल्या मुलांच्या विल्सन होममध्ये त्याने जवळजवळ दोन वर्षं अशी काढली. नऊ ते अकरा! ज्या वयात आपण जिन्यावरून चार चार पायऱ्या उड्या मारत उतरतो, त्या वयात. उठला तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड झाला होता, आणि थोडं लंगडणं जन्मभर राहिलं. न्यूझीलंडमध्ये मुलगा म्हणजे रग्बी. ते दार बंद झालं.

मग ब्रूस तेरा वर्षांचा असेल-नसेल, तेव्हा लेस यांनी 110 पौंडांना एक ऑस्टिन सेव्हन अल्स्टर विकत घेतली. घेतली म्हणजे काय, तिचे तुकडे घेतले. चालत आलेली गाडी नव्हती ती. 1929 चं मॉडेल, कुणीतरी उघडून ठेवलेलं आणि पुन्हा जोडायचा कंटाळा केलेलं. लेस यांचा हिशोब सरळ गॅरेजवाल्याचा होता. जोडायची, रंगवायची, चार पैसे सुटतील अशा भावाला विकायची.

इथे जरा थांबून गाडीबद्दल सांगते, कारण ही साधीसुधी गाडी नव्हती. ऑस्टिन सेव्हन ही इंग्लंडची मारुती 800 म्हणता येईल. 1922 साली आली आणि मोटरसायकल-साइडकारवाल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला तिने चार चाकं दिली. इंजिन 747 सीसी, म्हणजे मारुती 800 पेक्षाही लहान. (जर्मनीत तिचं लायसन्स घेऊन डिक्सी नावाने गाडी बनत होती. तो कारखाना पुढे बीएमडब्ल्यूने घेतला, म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली कारसुद्धा ही ऑस्टिनच!) पण अल्स्टर म्हणजे त्याच गाडीचा रेसिंग अवतार. बसकी, दोन सीटची, मागे निमुळती. 1929 साली उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर टीटी शर्यतीत हँडिकॅप पद्धतीत एका सुपरचार्जर लावलेल्या ऑस्टिन सेव्हनने तिसरा नंबर काढला. पुढे होत्या एक भलीमोठी मर्सिडीज आणि एक अल्फा रोमिओ. त्या शर्यतीवरून हे नाव पडलं.

यात इंजिनिअरला मजा वाटावी अशा बऱ्याच गोष्टी आहेत. चार सिलिंडरचा क्रँकशाफ्ट आणि त्याला आधार फक्त दोन बेअरिंगचा, एक पुढे, एक मागे. मध्ये काही नाही. आम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये सिंपली सपोर्टेड बीम शिकतो ना, तसाच. जास्त आरपीएमला तो मधून अक्षरशः झोका घेतो. साध्या सेव्हनमध्ये त्या क्रँकच्या मोठ्या टोकांना तेल मिळायचं ते फवाऱ्याने उडून, मिळालं तर मिळालं. अल्स्टरला म्हणून प्रेशरने तेल द्यायची सोय केली होती. व्हॉल्व्ह बाजूला असल्यामुळे सिलिंडर हेड म्हणजे नुसतं झाकण. ते काढून घासून किंवा आतला आकार बदलून कॉम्प्रेशन वाढवणं हे कुठल्याही घरगुती कारागिराला जमण्यासारखं. पुढे एकच आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे आणि तारेने ओढायचे ब्रेक. थोडक्यात, चुका करायला भरपूर वाव असलेली आणि चूक केली तर लगेच कळवणारी गाडी. शिकायला याहून चांगली वस्तू कुठली?

बापलेकांनी ती जोडायला जवळजवळ वर्ष घेतलं. पंपाचं काम सांभाळून, शाळा सांभाळून. एक एक भाग धुवायचा, मोजायचा, चालेल की बदलायचा हे ठरवायचं. मला हे वाचताना नेहमी वाटतं की त्या दोन वर्षांनंतर हे एक वर्ष आलं हे किती बरं झालं. पडून राहिलेल्या मुलाला पडून राहिलेली गाडी मिळाली... असो, जास्त फिल्मी होतंय.

गाडी तयार झाली आणि लेस यांनी स्वतः चालवून बघितली. त्यांना ती काही आवडली नाही. विकायचा बेत तर आधीच होता. पण ब्रूसने हट्ट धरला की गाडी ठेवायची, आणि लेस यांनी ऐकलं. बस, एवढंच. इतिहासात याची तारीखसुद्धा नीट नोंदलेली नाही. पण एका बापाने नफ्याचा हिशोब सोडून दिला तो क्षण माझ्या मते सगळ्या ग्रां प्री विजयांपेक्षा मोठा आहे. लायसन्सचं वय व्हायचं होतं, म्हणून घरामागच्या फळझाडांभोवती 8 च्या आकड्याचा रस्ता आखून ब्रूस ती चालवायला शिकला. गोल गोल, डावीकडे, उजवीकडे, परत. गाडी घसरते कधी, कशी आणि का, हे तो एका गल्लीएवढ्या जागेत शिकला. 1952 साली मुरीवाय इथल्या डोंगरचढणीच्या स्पर्धेत त्याने तीच अल्स्टर उतरवली.

पुढचा प्रवास भराभर सांगते, कारण तो कुठेही वाचायला मिळेल. फोर्ड 10 चं इंजिन असलेली स्पेशल, मग ऑस्टिन-हीली, मग जॅक ब्रॅबमकडून घेतलेली कूपर. प्रत्येक गाडी हातात आली की आधी उघडायची आणि मग चालवायची, हा शिरस्ता. मध्ये त्याने ऑकलंडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशही घेतला होता. म्हणजे तो आपल्यातलाच! पण डिग्री काही झाली नाही. 1958 साली न्यूझीलंडने एका होतकरू ड्रायव्हरला युरोपला पाठवायची योजना सुरू केली आणि पहिली निवड ब्रूसची झाली. (पालकांनी हे वाक्य वाचू नये.)

इंग्लंडमध्ये सर्बिटनला कूपरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मोठं गॅरेजच. या बापलेक कूपरांनी युद्धानंतर मोटरसायकलचं इंजिन गाडीच्या मागे बसवलं, कारण चेनने मागची चाकं फिरवायला ते सोयीचं पडत होतं. त्या सोयीतून रेसिंगमधली सगळ्यात मोठी क्रांती झाली, फेरारीसकट सगळ्यांना शेवटी इंजिन मागे न्यावं लागलं. अशा ठिकाणी ब्रूस रमला नसता तरच नवल. ऑगस्ट 1958 मध्ये नुर्बुर्गरिंगला फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला वन गाड्या एकत्र धावल्या. ब्रूस फॉर्म्युला टूमध्ये पहिला आणि सगळ्यांत मिळून पाचवा आला. 1959 साली तो ब्रॅबमचा टीममेट झाला. त्या वर्षाची शेवटची शर्यत 12 डिसेंबरला अमेरिकेत सेब्रिंगला होती. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या ब्रॅबमचं पेट्रोल संपलं. मागून आलेला ब्रूस गोंधळून हळू झाला, ब्रॅबमने हातानेच त्याला पुढे जायला खुणावलं आणि ब्रूस अर्ध्या-पाऊण सेकंदाने जिंकला. ब्रॅबमने आपली गाडी ढकलत नेऊन चौथा नंबर आणि विश्वविजेतेपद मिळवलं. ब्रूसचं वय 22 वर्षं 104 दिवस. सगळ्यात तरुण ग्रां प्री विजेता हा त्याचा विक्रम 2003 साली अलोन्सोने मोडला, म्हणजे 43 वर्षांनी.

पण मला त्याची जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते ती शर्यतीची नाही, दुसऱ्या एका मोडक्या गाडीची आहे.

1961 च्या अमेरिकन ग्रां प्रीमध्ये वॉल्ट हान्सगेन नावाच्या ड्रायव्हरने एक फॉर्म्युला वन कूपर ठोकली. तो सांगाडा रॉजर पेन्स्केने घेतला आणि त्यावर स्पोर्ट्स कारची बॉडी चढवली. सीट तशीच मधोमध ठेवून! नियमाप्रमाणे स्पोर्ट्स कार, प्रत्यक्षात कपडे घातलेली फॉर्म्युला वन. हिचं नाव झेरेक्स स्पेशल. ती जिंकायला लागली तशी ओरड झाली, मग चासीचा मधला भाग बदलून दोन सीट बसवल्या, मग ती विकली गेली. अशी दोन-तीन हातांतून फिरून, कापून-जोडून थकलेली गाडी 1964 साली ब्रूसने विकत घेतली.

1963 मध्ये त्याने आपली स्वतःची छोटी कंपनी काढली होती. चालवत होता कूपरसाठीच, पण मनासारखे बदल तिथे करता येत नव्हते. वर्कशॉप न्यू मॉल्डनला एका शेडमध्ये, खाली मातीची जमीन, शेजारी रस्ते बनवायची यंत्रं उभी. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. तिथे त्याच्या दोन-तीन मेकॅनिकांनी झेरेक्सचा मधला कमकुवत भाग कापून काढला, नवे पाइप जोडून सांगाडा ताठ केला आणि मागे ओल्ड्समोबिलचं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन बसवलं. अ‍ॅल्युमिनियमचं म्हणून वजन बेताचं, आणि ताकद आधीच्या इंजिनाहून कितीतरी जास्त. वेळ एवढा कमी की धड एक्झॉस्ट बनवायलाही सवड नव्हती, आखूड नळकांडी तशीच वर काढून ठेवली. रंगही घाईत मिळाला तो, हिरवा. जून 1964 मध्ये कॅनडातल्या मॉसपोर्टला ती गाडी उतरली आणि ब्रूस जिंकला. नाव मात्र मॅकलॅरेन लावता येईना, कारण तो कूपरचा ड्रायव्हर. म्हणून कागदावर ती कूपर-ओल्ड्समोबिल. पण मला विचाराल तर पहिली मॅकलॅरेन तीच. आणि तिचं मूळ अल्स्टर.

हे सगळं यश चढत्या कमानीचं वाटेल, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत टास्मानियात लाँगफर्डला त्याचा टीममेट टिम मेयर सरावात मरण पावला होता. टिमचा भाऊ टेडी पुढे ब्रूसच्या कंपनीत आला आणि अनेक वर्षं तिचा कणा झाला. त्या काळात रेसिंग म्हणजे दर वर्षी ओळखीच्या कुणाची तरी अंत्ययात्रा. आपण आज टीव्हीवर बघतो ते खेळाचं सुरक्षित रूप आहे.

ब्रूसची खरी हुशारी मला वाटते ती टेस्टिंगमध्ये. गुडवुडच्या ट्रॅकवर अशाच एका चाचणीत त्याच्या लक्षात आलं की गाडीच्या पुढच्या भागावरचं पेट्रोल टाकीचं झाकण नीट लागलेलं नाही आणि फडफडतंय. दुसरा कुणी असता तर मेकॅनिकवर ओरडला असता. ब्रूसने विचार केला, वेग वाढला की वरून येणाऱ्या हवेने झाकण दाबलं जायला हवं, हे तर उलट जास्त उडतंय. म्हणजे आतून, खालून हवेचा दाब जास्त आहे. रेडिएटरमधून आलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच नाही! तो तडक पिटमध्ये आला, पत्रा कापायची कात्री घेतली आणि रेडिएटरच्या मागे बॉडीला स्वतःच्या हाताने भोकं पाडली. परत गेला तर लॅप टाइम कमी. आम्हाला फ्लुइड मेकॅनिक्सला बर्नोलीचं समीकरण दोनदा लिहून काढायला लावलंय, पण उडत्या झाकणात तो दाब दिसायला वेगळे डोळे लागतात.

पुढे 1966 साली मोनॅकोला त्याने स्वतःची फॉर्म्युला वन गाडी उतरवली. ती फसलीच, तेल गळून बंद पडली. पण त्याच वर्षी ख्रिस एमनबरोबर फोर्ड जीटी 40 मधून त्याने ल मां जिंकलं. 1968 मध्ये बेल्जियममध्ये स्पाला तो स्वतः बनवलेल्या गाडीतून जिंकला, आणि गंमत म्हणजे आपण जिंकलोय हे त्याला आधी कळलंच नव्हतं. पुढे असलेला जॅकी स्ट्युअर्ट शेवटच्या टप्प्यात पेट्रोलसाठी आत गेला होता. उत्तर अमेरिकेतल्या कॅन-अ‍ॅम मालिकेत तर नारिंगी मॅकलॅरेन आणि बाकीचे असा प्रकार झाला. 1967 चं विजेतेपद ब्रूसचं, 1968 चं त्याच्या टीममधल्या डेनी हुल्मचं, 1969 चं पुन्हा ब्रूसचं, आणि 1969 मध्ये 11 पैकी 11 शर्यती या टीमने जिंकल्या. एवढं होऊनही रोजचं काम तेच. स्वतःच टेस्ट करायचं, स्वतःच यादी करायची, काय बदलायचं ते.

2 जून 1970, मंगळवार. पुन्हा गुडवुड. पुढच्या कॅन-अ‍ॅमसाठीची एम8डी गाडी, सात लिटरच्या घरातलं शेवरोलेचं इंजिन. लॅव्हंट नावाच्या सरळ रस्त्यावर ब्रूस जोरात असताना मागच्या बॉडीचा मोठा भाग सुटून उडाला. ती बॉडी म्हणजे नुसतं झाकण नव्हतं, मागची चाकं जमिनीवर दाबून धरण्याचं काम तिच्याकडे होतं. दाब गेला, गाडी फिरली आणि मार्शलसाठी बांधलेल्या ओट्यावर जाऊन आदळली. ब्रूस जागच्या जागी गेला. मागे पत्नी पॅट्रिशिया आणि चार वर्षांची मुलगी अमांडा.

मी हा भाग दोनदा लिहून खोडला. ज्या ट्रॅकवर उडत्या झाकणातून त्याला हवेचं कोडं सुटलं, तिथेच हे व्हावं... याला मी काही अर्थ लावू शकत नाही आणि लावणारही नाही.

दुसऱ्या दिवशी टेडी मेयरने सगळ्यांना सुट्टी दिली होती. तरी सगळे कामावर आले. डेनी हुल्मचे हात त्याआधी महिनाभर इंडियानापोलिसच्या सरावात आगीने भाजलेले, पट्ट्या बांधलेले. 14 जूनला मॉसपोर्टला, जिथे सहा वर्षांपूर्वी ती हिरवी गाडी जिंकली होती तिथेच, कॅन-अ‍ॅमची पहिली शर्यत होती. ब्रूसच्या जागी आलेला डॅन गर्नी एम8डी मधून जिंकला. भाजलेल्या हातांनी हुल्म तिसरा आला आणि त्या वर्षीचं विजेतेपदही त्यानेच घेतलं.

1974 पासून टीमने जी विजेतेपदं मिळवली त्यांची यादी मी देत नाही, फॅन मंडळींना ती पाठ आहे. इंग्लंडमध्ये वोकिंगला मॅकलॅरेनचं जे चकचकीत काचेचं मुख्यालय आहे, तिथे एका लांब मार्गिकेत त्यांच्या जुन्या गाड्या ओळीने मांडल्या आहेत. सेनाची, हॅकिनेनची, सगळ्या. त्यांच्यातच 110 पौंडांची ती ऑस्टिन सेव्हन अल्स्टरही आहे. फोटोत बघितली तर बाकीच्यांपुढे खेळण्यातली वाटते.

आमच्या आरएक्स 100 चं हेड आणि सिलिंडर आता उतरलंय. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या, त्या बाबांनी रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून सोडवल्या, आणि माझं काम कार्बोरेटरचं होतं. तीन रविवार लागले. एक छोटा पितळी जेट आईच्या डाळीच्या चाळणीत धुताना सापडेना, तो शेवटी आईनेच शोधून दिला. भंगारवाल्याचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही.